दोन स्मृतींचा संसार

सरकारी कचेरीत ज्यांचे आयुष्य गेले त्या आमच्या वाचकांना दफ्तराची व्यवस्था नव्याने सांगावयास नको. चालू प्रकरणांच्या फायली साहेबांच्या टेबलावर, जुनी प्रकरणे रुमालांत बांधून दफ्तरखान्यात. आणि कोणती फाईल टेबलावर राहू द्यावी व कोणती खाली धाडावी हे ज्या कारकुनाला अचूक उमगते, त्याच्यावर साऱ्या कचेरीची गती अवलंबून! संगणकाच्या स्मृतीचा इतिहास हा पुष्कळ अंशी अशा कारकुनाच्या शोधाचा इतिहास आहे, असे आम्हांस वाटते. लॅपटॉपमधील संकरित हार्ड डिस्क हे त्यातलेच एक अल्पायुषी प्रकरण होय.

१९५६ साली आयबीएमने ‘रामॅक’ यंत्राबरोबर जी डिस्क बाजारात आणली, तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्यांवर ५० लक्ष अक्षरे मावत. पुढे चकती अडीच इंचांवर आली, धारणशक्ती अफाट वाढली. परंतु चकतीने फिरावे आणि शीर्षाने तिच्यावर सरकत जाऊन मजकूर शोधावा, ही रीत कायम राहिली. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या चकतीला एका फेऱ्यास ११ मिलिसेकंद लागतात. माणसाला हा काळ जाणवतही नाही. गणन करणाऱ्या चिपच्या दृष्टीने मात्र तो युगासारखा.

या अडचणीवरचा तोडगा जुनाच होता. १९६२ साली मँचेस्टर येथे टॉम किलबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘अॅटलास’ संगणकात चपळ परंतु तुटपुंजी स्मृती आणि मंद परंतु ऐसपैस चुंबकीय ढोल यांची सांगड घातलेली होती. वापरणाऱ्यास दोन्ही मिळून एकच स्मृती भासे. कोणते पान ढोलावर परत धाडावे, हे मागील वापर पाहून यंत्रच ठरवी.

तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८० नंतरच्या दशकात फ्लॅश स्मृती जगापुढे मांडली. वीज गेली तरी मजकूर टिकतो आणि फिरणारा भाग तर मुळी नाहीच. मात्र ती महाग होती, म्हणून चकतीशेजारी थोडीशी फ्लॅश बसवावी, असा विचार निघाला. २००७ साली सॅमसंग व सीगेट यांनी १२८ ते २५६ मेगाबाइट फ्लॅश असलेल्या डिस्का काढल्या. बॅटरी वाचावी म्हणून लेखन फ्लॅशमध्ये साठवून चकती थांबवून ठेवावयाची, हा हेतू. परंतु कारकुनी सोपविली होती विंडोज व्हिस्टाकडे. दुसरी प्रणाली असली की फ्लॅश निरुद्योगी! शिवाय २५६ मेगाबाइट म्हणजे केवढे टेबल? त्यावर मावणार तरी किती? प्रयोग फसला याचे आम्हांस नवल वाटत नाही.

सीगेटने यातून नेमका धडा घेतला. मे २०१० मध्ये आलेल्या ‘मोमेंटस एक्सटी’मध्ये ५०० गिगाबाइटपर्यंतच्या चकतीला ४ गिगाबाइट फ्लॅशची जोड होती आणि निवडीचे काम डिस्कने स्वतःकडे घेतले होते. कोणती प्रणाली आहे, याची तिला फिकीर नव्हती. जे वारंवार मागितले जाई, त्याची प्रत ती फ्लॅशमध्ये ठेवी. त्यामुळे लॅपटॉप पहिल्या दिवशी पूर्वीइतकाच रेंगाळे, पण तेच काम दोनचार वेळा झाले की तरतरीत होई. रोज तीच कामे करणाऱ्यास हा लाभ मोठा होता. नवी मोठी फाईल उतरवून घेणाऱ्यास मात्र काहीच नाही. आमच्या मते ही डिस्क त्या काळातली खरी शहाणी तडजोड होती.

तथापि तिचा संसार टिकला तो दोन स्मृतींच्या किमतींत अंतर होते तोवर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अॅपलचा ‘मॅकबुक एअर’ केवळ फ्लॅशवर चालू लागला. २०१३ मध्ये सीगेटच्या नव्या संकरित डिस्का आल्या त्या ८ गिगाबाइट फ्लॅशसह, परंतु चकतीची गती ७,२०० फेऱ्यांवरून ५,४०० वर उतरवून. फ्लॅश स्वस्त होत गेली, लॅपटॉप सडपातळ झाले आणि चकतीला त्यांत जागाच उरली नाही.

कारकुनाची मात्र नुसती बदली झाली. आज एका पेशीत तीन-चार बिट कोंबणाऱ्या स्वस्त फ्लॅश-डिस्का लिहिताना मंदावतात. म्हणून त्यांतल्या बहुतेकींत काही पेशी एकाच बिटासाठी राखून ठेवतात. नवा मजकूर आधी तेथे उतरतो आणि सवडीने आत नेऊन लावला जातो.