वर्गणी, हिशेब आणि वारसा : रायगडावरील समाधीच्या निधीचा एक विचार

सांस्कृतिक वारशाच्या जतनातील ‘लोकसहभाग’ ही संकल्पना अलीकडच्या शासकीय धोरणांत वारंवार आढळते. परंतु लोकांनी पैसा उभा करून वारसा राखण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. तिला आपल्याकडे ‘वर्गणी’ हा साधा शब्द आहे. वर्गणी देणारा केवळ दाता राहतो की त्या कार्यातील भागीदार होतो, हा प्रश्न प्रस्तुत लेखात रायगडावरील शिवछत्रपतींच्या समाधीच्या जीर्णोद्धाराच्या संदर्भात तपासावयाचा आहे.

या प्रश्नाची पूर्वपीठिका पुण्याच्या पर्वतीवर सापडते. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी नागरिकांत असंतोष निर्माण झाला व त्यातून २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभेची स्थापना झाली. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास प्रौढ व्यक्तींचे मुखत्यारपत्र आणावे, असा सभेचा दंडक होता. राजकीय इतिहासकारांनी या दंडकाकडे प्रातिनिधिक संस्थांचा आरंभ म्हणून पाहिले आहे व ते योग्यच आहे. मात्र देवस्थानाचा पैसा कसा खर्च होतो हे विचारण्याचा अधिकार कोणाला, हा मूळ वाद त्या मांडणीत मागे पडतो. तो वाद वारशाच्या व्यवस्थापनाचाच होता.

रायगडाच्या बाबतीत हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहिला. शिवचरित्राची लोकस्मृती तत्पूर्वीही जिवंत होती. महात्मा फुले यांचा शिवाजीराजांवरील पोवाडा १८६९ चा आहे. पुढे जेम्स डग्लस यांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात समाधीच्या दुरवस्थेचा उल्लेख केला आणि सुशिक्षित वर्गात खळबळ उडाली. लॉर्ड रे (१८८५-१८९०) यांच्या सरकारने समाधीच्या देखभालीसाठी वर्षाला पाच रुपये मंजूर केले. या रकमेची थट्टा करणे सोपे आहे. परंतु त्या पाच रुपयांमागे एक भूमिका होती : स्मारक सरकारच्या ताब्यातील, त्याची निगा सरकारच्या मर्जीची, आणि रयतेचा त्यात संबंध नाही.

३० मे १८९५ रोजी पुण्यातील हिराबागेत भरलेल्या सभेने या भूमिकेला उत्तर दिले. लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने समिती नेमली गेली आणि निधी जमू लागला. सरदार-संस्थानिकांकडून मोठ्या रकमा मागणे टिळकांना वर्ज्य नव्हते. पण ‘केसरी’ने भर दिला तो सामान्यांच्या लहान वर्गणीवर. वर्गणीदारांच्या याद्या वृत्तपत्रातून प्रसिद्ध होत. या याद्या म्हणजे प्रचाराचे साधन होते, हे उघड आहे. तथापि त्या एक प्रकारची जाहीर पावतीही होत्या. आपले नाव छापून आलेला गावोगावचा वाचक पुढच्या अंकात केवळ बातमी शोधत नसे. आपल्या पैशाचे काय झाले हेही तो शोधत असे. माझ्या मते या निधीचे ऐतिहासिक महत्त्व जमलेल्या रकमेपेक्षा या नात्यात अधिक आहे.

हे नाते निभावणे मात्र कठीण ठरले. १८९६ मध्ये रायगडावर उत्सव झाला, पण बांधकाम झाले नाही. १८९७ मध्ये रँडच्या हत्येनंतर टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला व त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. शिवाजी उत्सवाशी संबंधित मजकूरच खटल्यात पुराव्यादाखल आल्यावर या चळवळीकडे सरकार संशयाने पाहणार, हे ओघाने आलेच. पुढे निधी ज्या डेक्कन बँकेत होता ती बँकही बुडाली. लोकांचा पैसा लोकांच्या संस्थेत ठेवावा हा विचार उदात्त होता, पण ठेवीला संरक्षण नव्हते. अखेरीस समाधीचा जीर्णोद्धार १९२६ मध्ये पूर्ण झाला, म्हणजे हिराबागेतील सभेनंतर तीस वर्षांहून अधिक काळाने. तोवर टिळक हयात नव्हते, आणि पहिल्या वर्गणीदारांपैकी अनेकही नसावेत. लोकांकडे पैसा होता तेव्हा जागेवर हक्क नव्हता. जागा ज्यांच्या ताब्यात होती त्यांना घाई नव्हती. विलंबाचे खरे कारण या विसंगतीत शोधावे लागते.

आज चित्र पालटले आहे. राष्ट्रीय संस्कृती निधी १९९६ मध्ये स्थापन झाला. राज्य शासनाची ‘महाराष्ट्र वैभव’ योजना २००७ ची. २०१३ च्या कंपनी कायद्याने उद्योगांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या खर्चात वारशाच्या जतनाला स्थान दिले. २०१७ मध्ये केंद्राने स्मारके दत्तक देण्याची योजना आणली. त्याच सुमारास रायगडासाठी प्राधिकरण नेमले गेले व सुमारे सहाशे कोटी रुपयांचा आराखडा झाला. जुलै २०२५ मध्ये रायगडासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. पाच रुपयांपासून सहाशे कोटींपर्यंतचा हा प्रवास अभिमानास्पद आहे, यात शंका नाही. परंतु या सर्व योजनांत गडाच्या पायथ्याचा ग्रामस्थ कोठे बसतो? तो लाभार्थी आहे, श्रमदानाचा स्वयंसेवक आहे, छायाचित्रात आहे. वर्गणीदार मात्र तो नाही, आणि म्हणून हिशेब मागण्याची त्याची जागाही योजनेत आखलेली नाही. माहितीचा अधिकार त्याला आहे. पण अर्ज करून माहिती मिळवणे आणि भागीदार म्हणून हिशेब ऐकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

कायद्याने ही वाट पूर्णतः बंद केलेली नाही. संरक्षित स्मारकाच्या देखभालीसाठी स्वेच्छेने दिलेली वर्गणी स्वीकारण्याची तरतूद १९०४ च्या प्राचीन स्मारक संरक्षण कायद्यात होती व १९५८ च्या कायद्याच्या कलम १५ मध्ये ती कायम राहिली. ज्या कारणासाठी रक्कम दिली गेली त्याच कारणासाठी ती खर्चावी, असे बंधनही त्यात आहे. देणाऱ्याच्या हेतूला कायद्याने मान दिला. त्या हेतूप्रमाणे खर्च झाला किंवा नाही हे देणाऱ्याला कोणी सांगावे, याविषयी मात्र ते कलम काहीच सांगत नाही.