‘माणूस टिकत नाही’: बोईसरचं हॉटेल, केळव्याचं घर आणि संशोधनाचा प्रश्न



पेट परीक्षा झाली की पुढचा प्रश्न असतो सिनॉप्सिसचा. हॉस्पिटॅलिटी किंवा टुरिझममध्ये पीएच.डी. करू इच्छिणारे मला भेटतात तेव्हा बहुतेकांच्या मनात दोनपैकी एक विषय असतो. पहिला, हॉटेलातले कर्मचारी का टिकत नाहीत. दुसरा, होमस्टे आणि एअरबीएनबी. दोन्ही विषय चांगले आहेत. पण त्यांच्यावर आधी काय काम झालंय, ते कुणी केलं आणि कुणाच्या बाजूने प्रश्न विचारला, हे न बघता आपण थेट प्रश्नावली छापायला टाकतो. मीही तेच केलं होतं, म्हणून सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

मी बोईसरची, एम.एस्सी. हॉस्पिटॅलिटीमध्ये केलेली. पायलट स्टडीसाठी मी एमआयडीसीजवळच्या एका हॉटेलची परवानगी काढली. मॅनेजरसाहेबांनी उत्साहाने सगळ्या मुलांना डायनिंग हॉलमध्ये बसवलं, फॉर्म वाटले आणि स्वतः तिथेच उभे राहिले. ‘येत्या वर्षभरात ही नोकरी सोडण्याचा विचार आहे का?’ या प्रश्नापुढे जवळजवळ सगळ्यांनी ‘अजिबात नाही’वर खूण केली. मी खूश! दिवाळीनंतर उरलेले फॉर्म भरून घ्यायला गेले, तर ओळखीचे झालेले तीन चेहरे गायब. त्यातला एक मला एका कारखान्याच्या गेटवर भेटला. मी विचारलं, “अरे, तू तर सोडणार नाही असं लिहिलं होतंस?” तो हसून म्हणाला, “मॅडम, साहेब समोर उभे होते ना. दुसरं काय लिहिणार?”

हे गाईडना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “ला पिअर वाच.”

लिहितात एक, करतात दुसरं

रिचर्ड ला पिअर हे अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ. 1930 पासून सुमारे दोन वर्षं ते एका तरुण चिनी विद्यार्थ्याबरोबर आणि त्याच्या पत्नीबरोबर अमेरिकाभर फिरले. त्या काळी तिथे चिनी लोकांविषयी उघड द्वेष होता. तरीही ज्या 251 हॉटेलांत आणि उपाहारगृहांत हे तिघे गेले, त्यांपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर ला पिअर यांनी त्याच ठिकाणांना पत्राने विचारलं, ‘तुम्ही चिनी गिऱ्हाईक घ्याल का?’ उत्तर देणाऱ्यांपैकी 90 टक्क्यांहून जास्त जणांनी ‘नाही’ असं कळवलं. 1934 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

त्यावर आक्षेपही आहेत. पत्राला उत्तर देणारा माणूस आणि काउंटरवर उभा असलेला माणूस वेगळे असू शकतात. शिवाय एक गोरा प्राध्यापक सोबत होता, त्याचाही परिणाम झाला असेल. हे आक्षेप जरूर वाचा. पण मुख्य धडा कायम राहतो: कागदावरचं उत्तर आणि प्रत्यक्ष वागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘नोकरी सोडण्याचा इरादा’ मोजून ‘नोकरी सोडणं’ मोजल्याचा दावा करणारे प्रबंध आजही ढिगाने निघतात, म्हणून हा धडा आपल्याला लागू आहे.

रडणारी वेट्रेस आणि एक खिळा

दुसरं नाव विल्यम फूट व्हाइट यांचं. 1940 च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागोतल्या रेस्टॉरंटांत बसून काम बघितलं. 1948 साली त्यावर पुस्तक आलं. त्यांना पडलेला एक प्रश्न फार साधा होता: वेट्रेस मुली कामावर का रडतात? गर्दीच्या वेळी गिऱ्हाईक घाई करतं आणि तो ताण ती मुलगी आत स्वयंपाकघरात नेते. तिथला आचारी पगाराने आणि मानाने तिच्याहून मोठा, पण ऑर्डर द्यायची तिने. ते त्याला खपत नाही. मग भांडण, उशीर आणि रडणं. ऑर्डरची चिठ्ठी लिहून टोकदार खिळ्यावर खोचायची, अशी पद्धत असली की हा ताण कमी होतो, हे व्हाइट यांनी दाखवलं. चिठ्ठ्या कोणत्या क्रमाने घ्यायच्या हे आचारी ठरवतो आणि दोघांची समोरासमोर खडाजंगी टळते.

बघा, इथे ‘आजकालच्या मुलांना चिकाटी नाही’ असं एकही वाक्य नाही. दोष माणसाच्या स्वभावात न शोधता व्हाइट यांनी कामाची मांडणी तपासली.

1958 मध्ये मार्च आणि सायमन यांनी मांडलं की माणूस नोकरी सोडतो ते दोन गोष्टींवर ठरतं: सोडावंसं किती वाटतं आणि सोडणं किती सोपं आहे. 1977 मध्ये मोबली यांनी असमाधानापासून प्रत्यक्ष सोडण्यापर्यंतच्या पायऱ्या मांडल्या. 1994 मध्ये ली आणि मिचेल म्हणाले की अनेकदा असमाधान नसतानाही एखादा धक्का बसतो आणि माणूस निघून जातो. मार्च 2020 चं लॉकडाऊन आठवा, म्हणजे धक्का कशाला म्हणतात ते वेगळं समजावायला नको. 2001 मध्ये मिचेल आणि सहकाऱ्यांनी प्रश्नच उलटा केला: माणसं राहतात का? त्यांचं उत्तर होतं, नातीगोती, जुळणूक आणि सोडल्यास गमवावं लागेल ते. यात नोकरीबाहेरचं आयुष्यही येतं.

आता हे बोईसरला लावून बघा. 1969 मध्ये तारापूर अणुवीज केंद्र सुरू झालं, पुढे एमआयडीसी वाढली. कंपनीच्या कामाने येणारे इंजिनीअर, ऑडिटर, ठेकेदार यांच्यासाठी लॉज आणि हॉटेलं आली. म्हणजे ज्या कारखान्यांमुळे हॉटेलांना गिऱ्हाईक मिळालं, तेच कारखाने हॉटेलच्या मुलांना दुसरी नोकरीही देतात. मार्च-सायमनच्या भाषेत, इथे सोडणं सोपं आहे. 2013 मध्ये उपनगरी लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हा मुंबईच्या बाजूच्या नोकऱ्याही जवळ आल्या. केवळ ‘समाधान’ मोजणाऱ्या प्रश्नावलीत यातलं काहीच दिसत नाही.

आकडा कसा फसवतो

एक छोटं गणित करू. समजा, एका हॉटेलात 20 जागा आहेत. 12 जण वर्षभर जागचे हलले नाहीत. उरलेल्या 8 जागांवर मात्र माणसं येत-जात राहिली आणि वर्षात एकूण 24 जण सोडून गेले. गळतीचा नेहमीचा दर म्हणजे सोडून गेलेले भागिले सरासरी कर्मचारी गुणिले 100. इथे तो 120 टक्के येतो. मालक म्हणेल, “बघा, माणूस टिकतच नाही!” पण वर्षाच्या सुरुवातीला असलेल्या 20 पैकी 12 शेवटीही आहेत, म्हणजे स्थिरता 60 टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत. प्रश्न असा हवा की त्या 8 जागा कोणत्या? भांडी घासणारा, रूम बॉय, रात्रपाळी? म्हणून प्रश्नावलीच्या आधी हजेरीपट मागा. मी माझे ते सगळे फॉर्म बाजूला ठेवले आणि हजेरीपटापासून पुन्हा सुरुवात केली.

घरात परका माणूस: हे नवं नाही

आता दुसरा विषय. होमस्टेवरचे लेख बहुधा सॅन फ्रान्सिस्कोपासून सुरू होतात. ऑक्टोबर 2007 मध्ये दोन तरुणांनी घरभाडं परवडेना म्हणून हवेच्या गाद्या टाकून तीन पाहुणे ठेवले आणि 2008 मध्ये त्यातून एअरबीएनबी निघालं. गोष्ट खरी आहे, पण आपल्याकडची सुरुवात त्याच्या फार आधीची.

गिरणगाव आठवा. रत्नागिरी, साताऱ्याहून आलेले कामगार बायकामुलांना गावी ठेवून एका खोलीत दाटीने राहायचे आणि कुणा बाईच्या घरी महिन्याच्या बोलीवर जेवायचे. ती खाणावळ. बाईचा दिवस पहाटे सुरू व्हायचा, वाण्याकडे उधारी असायची आणि कामगाराचा पगार झाला की तिचे पैसे यायचे. मुंबईतल्या आदरातिथ्याचा इतिहास ताजमहाल हॉटेलपासून, म्हणजे 1903 पासून सांगितला जातो, पण गिरणीच्या पाळ्या चालल्या त्या या बायकांच्या जेवणावर. तरी त्यांची गणना ना कामगारांत झाली, ना व्यावसायिकांत. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, खाणावळवाल्यांना संघटित केलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा या कामाला ‘धंदा’ म्हणून पहिल्यांदा मोठी ओळख मिळाली.

सरकारी व्याख्याही याच घराभोवती फिरते. केंद्राच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेत घरमालक कुटुंबासह तिथे राहणारा हवा आणि जास्तीत जास्त 6 खोल्या, 12 खाटा. म्हणजे ते घरच राहिलं पाहिजे. राज्यात निवास-न्याहारी योजना आहे आणि 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरणही आलं.

संशोधकांनी मात्र प्रश्न विचारला तो हॉटेलच्या बाजूने: आमचं नुकसान किती? झर्वास, प्रोसर्पिओ आणि बायर्स यांचा 2017 चा टेक्सासवरचा अभ्यास गाजला. ऑस्टिन शहरात एअरबीएनबीमुळे हॉटेलांचं उत्पन्न 8 ते 10 टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा अंदाज आहे. जास्त फटका बसला तो स्वस्त हॉटेलांना आणि कामानिमित्त येणाऱ्या प्रवाशांवर न चालणाऱ्या हॉटेलांना.

ही शेवटची ओळ वाचून मी थबकले, कारण आपल्याकडे ही तुलना तीन स्टेशनांच्या अंतरात मिळते. बोईसरहून विरारकडे निघालं की उमरोळी, पालघर आणि मग केळवे रोड. बोईसरचा पाहुणा कंपनीचा: सोमवार ते शुक्रवार, जीएसटी बिल हवं. केळव्याचा पाहुणा कुटुंबाचा: शनिवार-रविवार, समुद्र, वाडी आणि घरचं जेवण. ऑस्टिनचा निष्कर्ष इथे लागू पडतो का, हे तपासण्याजोगं गृहीतक आहे. तुमच्यापैकी कुणी घ्या, मी भांडणार नाही!

दोन विषय, एकच प्रश्न

केळव्याला एका वाडीतल्या घरी मी माहिती घ्यायला गेले होते. घरमालक काकांना विचारलं, “कामाला माणसं किती?” ते म्हणाले, “कुणी नाही हो, घरच्या घरीच चालतं.” मी फॉर्मवर शून्य लिहिलं. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. त्या पहाटे पाचपासून उभ्या होत्या: नाश्ता, चादरी, न्हाणीघरं, दुपारचं मासळीचं जेवण. निघताना मी त्यांना सहज विचारलं, “काकू, सुट्टी कधी?” त्या म्हणाल्या, “पाहुणे गेले की. पण शनिवारी परत आहेतच.”

तो शून्य मी घरी येऊन खोडला. हॉटेलात माणूस टिकत नाही ही समस्या. होमस्टेत ती समस्याच नाही असं दिसतं, कारण काकू राजीनामा कुठे देणार? 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात आणि पुरुष 97 मिनिटं, असं नोंदवलंय. होमस्टेचं काम या घरकामात मिसळून जातं आणि हिशेबात स्वस्त दिसतं. हॉटेलातला रूम बॉय आणि घरातल्या काकू चादर तीच बदलतात. एकाचं जाणं आपण मोजतो, दुसरीचं असणंही मोजत नाही.

म्हणून सिनॉप्सिस लिहिण्याआधी तीन गोष्टी करा.

1. प्रश्न कुणाचा आहे ते लिहा: मालकाचा, कामगाराचा, पाहुण्याचा की घरातल्या बाईचा? उत्तर त्यावरच अवलंबून असतं.

2. बोलणं आणि वागणं दोन्ही मोजा. प्रश्नावली हवी तर घ्या, पण हजेरीपट, पगारपत्रक, बुकिंगची वही यांच्याशी ताडून बघा. आणि मुलाखत साहेबांसमोर नको. पाळी सुटल्यावर टपरीवर घ्या, नाव न लिहिता.

3. शून्य आला की थांबा. ‘कामाला कुणी नाही’ असं उत्तर मिळालं तर घरात चहा कुणी केला ते बघा.

माझ्या प्रश्नावलीत आता एक रकाना वाढलाय: ‘घरातलं कोण किती तास काम करतं?’ हा प्रश्न मी काकांना आणि काकूंना वेगवेगळा विचारते. दोघांची उत्तरं अजून एकदाही जुळलेली नाहीत, आणि माझ्या प्रबंधाचं पुढचं प्रकरण त्यावरच आहे.

तुमचा विषय ठरला की जरूर कळवा. अभ्यासाला शुभेच्छा!