सायलेन्सरच्या आधीचा डबा

१९७५ सालची शेवरोले कॉर्व्हेट लिफ्टवर चढवून खालून पाहिली, तर गंमत वाटावी असा प्रकार दिसतो. इंजिनाच्या दोन्ही अंगांनी दोन पाइप निघतात, थोडे मागे जाऊन एकमेकांना मिळतात, पत्र्याच्या एका बसक्या डब्यात शिरतात आणि डब्याच्या पलीकडे पुन्हा दोन होऊन शेपटाकडे जातात. मागून पाहणाऱ्याला दोन धुराडी दिसली पाहिजेत, म्हणून हा द्राविडी प्राणायाम. मधला डबा म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर.

या गाडीच्या साध्या इंजिनाची ताकद कागदावर १६५ अश्वशक्ती होती. पाचच वर्षांपूर्वी त्याच आकाराच्या इंजिनापुढे ३०० हा आकडा छापला जाई. शौकिनांनी सरळ हिशेब मांडला: डब्याने घोडे खाल्ले. मग एक्झॉस्टचे काम करणाऱ्या दुकानांत डबे कापले जाऊ लागले आणि त्या जागी सरळ नळीचा तुकडा बसू लागला. बाजारात या तुकड्याला ‘टेस्ट पाइप’ म्हणत. चाचणी कोण करत होते, हे विचारण्यात अर्थ नव्हता.

आरोप बराचसा खोटा होता. कमी ऑक्टेनचे, शिसे नसलेले पेट्रोल चालावे म्हणून शेवरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सने १९७१च्या मॉडेलांपासूनच इंजिनांचे कॉम्प्रेशन उतरवले होते. शिवाय १९७२पासून मोजमाप बदलले. आधी उघडे इंजिन स्टँडवर ठेवून ताकद मोजत, आता गाडीत असते तसे एअर फिल्टर, पंखा, सायलेन्सर सगळे जोडून मोजू लागले. म्हणजे ३०० आणि १६५ हे आकडे एका तराजूतले नव्हतेच. उलट, डबा आल्यामुळे इंजिनाला थोडा मोकळा श्वास मिळाला. त्याआधी प्रदूषण कमी करायचे म्हणून स्पार्क उशिरा दे, मिश्रण पातळ कर अशी ओढाताण इंजिनावरच चाले. सफाईचे काम मागच्या डब्याकडे गेल्यावर ट्यूनिंग सुधारता आले आणि १९७५च्या अमेरिकी गाड्या आदल्या वर्षीपेक्षा चांगले मायलेज देऊ लागल्या. पण ट्यूनिंग डोळ्यांना दिसत नाही, डबा दिसतो. शिव्या त्यालाच बसल्या.

हा डबा शोधणारा माणूस शर्यतींचा वेडा होता, हे त्या शिव्या देणाऱ्यांतल्या फार थोड्यांना माहीत असावे. फ्रेंच इंजिनियर यूजेन हूद्री १९२२मध्ये इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत पाहायला अमेरिकेत गेला होता. शर्यतीच्या गाड्यांना चांगले इंधन कसे मिळेल, या ओढीतून तो उत्प्रेरकांकडे वळला. जड तेलापासून पेट्रोल काढण्याची त्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या विमानांच्या कामी आली. युद्धानंतर त्याने पेन्सिल्व्हेनियात ऑक्सी-कॅटॅलिस्ट नावाची कंपनी काढली आणि मोटारीचा धूर पाइपातच जाळून टाकण्याच्या मागे लागला.

त्या ध्यासामागे लॉस एंजेलिस होते. १९४३च्या जुलैत या शहरावर डोळे झोंबवणारे धुरके उतरले, तेव्हा युद्धाच्या दिवसांत अनेकांना तो शत्रूचा वायुहल्ला वाटला. मग खापर कृत्रिम रबरासाठी ब्यूटाडाइन बनवणाऱ्या एका कारखान्यावर फुटले. कारखाना बंद ठेवला, तरी धुरके यायचे थांबेना. खरा गुन्हेगार सापडायला १९५०चे दशक उजाडले. कॅलटेकमध्ये अननसाच्या वासाचा अभ्यास करणारे डच रसायनशास्त्रज्ञ आरी हागन-स्मिट यांनी दाखवून दिले, की मोटारी आणि रिफायनऱ्यांतून निघणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड उन्हात एकत्र आले की ओझोन तयार होतो.

हूद्रीचा कन्व्हर्टर गोदामांतल्या फोर्कलिफ्टवर चालला. रस्त्यावरच्या मोटारीत मात्र तो टिकेना, कारण पेट्रोलमध्ये शिसे होते. शिशाचा थर डब्यातल्या उत्प्रेरकावर बसला की तो मेला. १९६२मध्ये हूद्री वारला, तेव्हा त्याची कल्पना बरोबर आणि पेट्रोल चुकीचे अशी स्थिती होती.

पेट्रोलमध्ये शिसे घालण्याची युक्ती १९२१मध्ये जनरल मोटर्सच्याच प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांना सापडली होती. पुढे १९७०मध्ये त्याच कंपनीचे अध्यक्ष एड कोल शिसे काढा म्हणून सांगू लागले. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी स्वच्छ हवेच्या कायद्यावर सही केली. मोटारींचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन ९० टक्के कमी करा, तेही १९७५पर्यंत, असे त्यात लिहिले होते. मुदत थोडी पुढे ढकलली गेली, पण १९७५च्या मॉडेलांवर डबा आला.

आत काय ठेवायचे यावर मात्र एकमत नव्हते. जनरल मोटर्सने प्लॅटिनम-पॅलेडियम लावलेल्या गोळ्यांचा थर वापरला. हे डबे रुंद, चपटे आणि वायूला अडवणारे होते. त्यांना खालून एक बूच असे, गोळ्या बदलता याव्यात म्हणून. या बुचाचा दुसरा उपयोग लोकांना लवकरच सुचला: बूच काढायचे, गोळ्या ओतून टाकायच्या, बूच परत लावायचे. वरून पाहणाऱ्याला डबा जागच्या जागी. कॉर्निंग कंपनीच्या बॅग्ली, लॅकमन आणि लुईस या तिघांनी वेगळा मार्ग काढला. कॉर्डिअराइट नावाची, तापून फारशी न फुगणारी सिरॅमिक माती साच्यातून दाबून त्यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा ठोकळा काढला, चौरस इंचात शेकडो भोके असलेला. पुढे गोळ्या गेल्या आणि ठोकळाच राहिला. आज हौशी लोक ज्याला ‘हाय-फ्लो’ म्हणून जास्त पैसे मोजतात, तो याच ठोकळ्याचा विरळ भोकांचा किंवा पातळ धातूच्या पत्र्याचा भाऊबंद.

शिसेविरहित पेट्रोलसाठी अमेरिकेत पंपाची नळी आणि गाडीच्या टाकीचे तोंड दोन्ही बारीक केले गेले. शिशाचे पेट्रोल स्वस्त होते, म्हणून कोणी स्क्रूड्रायव्हरने ते तोंड रुंद केले, कोणी नरसाळे लावले. आपल्याकडे १ एप्रिल १९९५पासून चार महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि अडचण तीच पण वेगळ्या वाटेने आली. मुंबईची गाडी शहराची हद्द ओलांडून गेली की पुढच्या पंपावर शिसेविरहित पेट्रोल मिळेलच याची खात्री नव्हती. देशभरातून शिसे गेले ते १ फेब्रुवारी २०००पासून.

१९७७मध्ये व्होल्वोने कॅलिफोर्नियासाठी बॉशच्या ऑक्सिजन सेन्सरसह तीन-मार्गी कन्व्हर्टर आणला. प्लॅटिनम आणि ऱ्होडियमच्या जोरावर तो नायट्रोजन ऑक्साइडचाही समाचार घेई. अट एकच: हवा आणि पेट्रोलचे वजनी प्रमाण १४.७ ला १च्या आसपास राहिले पाहिजे. कार्ब्युरेटरला हे जमणे कठीण. जुन्या गाडीत नवे इंजिन घालणाऱ्या हौशी मंडळींना फ्युएल इंजेक्शनकडे वळवण्यात या आकड्याचा वाटा मोठा आहे, असे म्हणायला हरकत नाही.

तोवर कायदाही दुकानांपर्यंत पोहोचला होता. कन्व्हर्टर काढण्याची बंदी आधी कारखानदार आणि विक्रेत्यांपुरती होती. १९७७मध्ये ती गॅरेजवाल्यांना लागू झाली, १९९०मध्ये गाडीमालकासह सगळ्यांना. १९८६मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने बाहेरचा कन्व्हर्टर बसवण्याचे नियम केले. त्यांत सर्वात जाचक नियम जागेचा होता: मूळ डबा होता तिथेच आणि त्याच जातीचा नवा बसवायचा.

नियम जाचक असला तरी बिनबुडाचा नव्हता. डबा बसवताना पाइप कापणे आणि वेल्डिंग सोपे असते, जागा ठरवणे अवघड. उत्प्रेरक २५० ते ३०० अंश सेल्सियसला कामाला लागतो. लांब नळ्यांचे हेडर लावून डबा मागे ढकलला, तर थंडीत तो तापायला वेळ घेतो आणि सर्वात घाण धूर नेमका सुरुवातीलाच निघतो. फार पुढे ओढला आणि एखादा प्लग मिसफायर झाला, तर न जळलेले पेट्रोल आत पेटते आणि सिरॅमिक वितळते. सेन्सरच्या आधीच्या जोडात बारीक फट राहिली तरी बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला मिश्रण पातळ वाटते, कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो आणि डबा विनाकारण भाजून निघतो. म्हणून जाणता कारागीर आधी डब्यावरचा धुराची दिशा दाखवणारा बाण पाहतो, मग फ्लँज आणि गॅस्केट, शेवटी हीट शील्ड. गरम डब्याखाली वाळलेले गवत पेटल्याच्या घटना १९७०च्या दशकापासून नोंदल्या गेल्या आहेत. १९९६पासून अमेरिकेत डब्याच्या मागेही सेन्सर आला. पुढच्या आणि मागच्या सेन्सरचे संकेत सारखेच हलू लागले की डॅशबोर्डवर दिवा लागतो. बूच काढून गोळ्या ओतण्याचे दिवस तिथे संपले.

कॅलिफोर्नियाने पुढे आणखी कडक पवित्रा घेतला. ज्यावर राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरीक्रमांक कोरलेला नसेल, तो कन्व्हर्टर तिथे चालत नाही. जुन्या गाडीत नवे इंजिन घातले, तर त्या इंजिनाबरोबर आलेली प्रदूषण रोखणारी सगळी यंत्रणाही घालावी लागते. मग राज्याने नेमलेला रेफरी गाडी तपासतो आणि दाराच्या चौकटीवर लेबल चिकटवतो.

यातून एक अरुंद पळवाट २००१च्या कायद्याने ठेवली. घरी किंवा छोट्या कारखान्यात बांधलेल्या गाडीला, ती ज्या जुन्या मॉडेलसारखी दिसते त्या वर्षाचे नियम लावता येतात. १९६५च्या कोब्रा स्पोर्ट्स कारची नक्कल म्हटली, की १९६५ साल. त्या काळी कन्व्हर्टर नव्हताच. मात्र ही सवलत वर्षाला फक्त ५०० गाड्यांना मिळते. त्यामुळे सुरुवातीच्या काळात नव्या वर्षाची कार्यालये उघडली की सवलतीच्या क्रमांकासाठी झुंबड उडे. ज्यांचा नंबर लागत नसे, ते पुढच्या जानेवारीची वाट पाहत, नाहीतर झगझगीत नवे पाइप कापून त्यात मंजुरीक्रमांकाचे कन्व्हर्टर वेल्ड करून घेत.