हस्तिदंती रंगाची सक्ती आणि गाडीची दुसरी त्वचा

१/ महागड्या गाडीवर चढवलेले मॅट काळे आवरण, किंवा क्रोमच्या चकाकत्या पट्ट्या झाकणारी काळी फिल्म, ही आज हौसेची खूण मानली जाते. व्हिनाइल रॅपच्या इतिहासात मात्र या हौसेच्या आधी एक सरकारी नियम आणि टॅक्सीमालकांचा जमाखर्च भेटतो. ती कथा जर्मनीतील आहे.

२/ मुंबईच्या टॅक्सीची ओळख जशी काळा-पिवळा रंग, तशी जर्मन टॅक्सीची फिकट हस्तिदंती. पश्चिम जर्मनीत पूर्वी टॅक्सी काळ्या असत. १९७१ मध्ये हा फिकट रंग लागू झाला. रंगांच्या जर्मन सूचीत त्याचा क्रमांक ‘राल १०१५’. अंधारातही टॅक्सी दुरून ओळखू यावी, हा त्यामागचा विचार.

३/ नियम प्रवाशांच्या सोयीचा होता. त्याची किंमत मात्र मालक मोजत असे. काही वर्षे धावलेली टॅक्सी विकायला काढली की तिचा रंगच तिचा पूर्वेतिहास सांगे. खाजगी ग्राहकाला तो रंग नको असे. मग एक तर भाव पाडून विकायची, नाहीतर सगळी गाडी पुन्हा रंगवण्याचा खर्च सोसायचा.

४/ या पेचावरचा उपाय ज्या पदार्थातून निघाला, तो बराच जुना. १९२६ मध्ये अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ वॉल्डो सेमन हे रबर धातूला जोडणारा चिकट पदार्थ शोधत होते. त्या प्रयत्नात त्यांनी पीव्हीसी हे कडक, ठिसूळ प्लास्टिक द्रावकात तापवले. हाती आला रबरासारखा लवचिक पदार्थ. पण तो धातूला काही चिकटेना!

५/ पुढे याच लवचिक व्हिनाइलच्या पातळ फिल्म बनल्या आणि त्यांच्या पाठीवर गोंदाचा थर आला. रुळांखाली दाबून ताणलेली फिल्म मूळ आकाराकडे परतू पाहते, म्हणून वळणांवर आकसते. द्रवरूपात ओतून सुकवलेल्या, म्हणजे ‘कास्ट’ फिल्ममध्ये हा ताण फारसा नसतो. ती गरम हवेने मऊ होते आणि बंपरच्या खाचाखोचांतही नीट बसते.

६/ टॅक्सीच्या संदर्भात १९९३ या वर्षाचा आणि ‘केपीएमएफ’ या ब्रिटिश कंपनीचा उल्लेख येतो. रंगाऐवजी फिल्म चालेल का, याची चाचणी जर्मन टॅक्सींवर झाल्याचे सांगितले जाते. कल्पना सोपी होती: गाडी काळी किंवा चंदेरी घ्यायची, हस्तिदंती फिल्मने झाकायची आणि विकताना फिल्म सोलून काढायची.

७/ यात मालकाचा दुहेरी लाभ होता. नियम पाळला जाई, आणि फिल्मखालचा मूळ रंग ऊन, खडे व ओरखडे यांपासून बचावलेला असे. टॅक्सीचा गणवेश उतरवताच आतून साध्या रंगाची गाडी बाहेर येई, आणि बाजारात केवळ रंगामुळे तिचा भाव पडत नसे.

८/ अर्थात ही सोय बिनशर्त नव्हती आणि आजही नाही. कारखान्यातला पक्का रंग फिल्म सोलताना सहसा टिकतो. अपघातानंतर कच्चा रंगवलेला पत्रा मात्र फिल्मसोबत आपला रंगही सोडू शकतो. जुनी, उन्हात कडक झालेली फिल्म तुकड्यातुकड्यांनीच निघते. म्हणून ती गरम करून, सावकाश सोलावी लागते.

९/ पुढे जर्मनीतील काही राज्यांनी हस्तिदंती रंगाच्या सक्तीत सूट दिली. तोवर फिल्म टॅक्सीतळावरून हौशी वाहनमालकांच्या गॅरेजात पोहोचली होती. तिथे तिचे काम उलटे झाले: टॅक्सीमालकाने ती लावली सर्वांसारखे दिसण्यासाठी, हौशी मालक लावतो वेगळे दिसण्यासाठी. दोघांनाही हवी असलेली गोष्ट मात्र एकच: बदललेला रंग उद्या मागे घेता यावा.

(समाप्त)