भुतामागचा हात

चैत्र पौर्णिमेला आमच्या येरमाळ्यात येडेश्वरीची यात्रा भरते. डोंगरावरच्या देवळातून पालखी खाली येते, भाविक चुन्याच्या रानात पांढरे खडे वेचतात आणि पालखी आमराईत मुक्कामाला जाते. गळ्यात कवड्यांच्या माळा घातलेले आराधी, संबळाच्या तालावर उभे राहणारे गोंधळी आणि अंगात येऊन घुमणाऱ्या बायका, हे सगळे या यात्रेचे नेहमीचे दृश्य. महाराष्ट्रातल्या अशा यात्रा-जत्रांमधून कित्येक दशके आणखी एक मंडळी हिंडत असत. ती म्हणजे ट्रकवर प्रोजेक्टर आणि कनात लादून येणारी टुरिंग टॉकीज. तंबूत देवादिकांचे सिनेमे लागत, मारधाडीचे लागत आणि रात्रीच्या खेळाला भुताखेतांचेही लागत.

दिवसा देवळाच्या पायरीवर अंगात आलेले पाहायचे आणि रात्री तिकीट काढून पडद्यावरचे भूत पाहायचे, असा हा प्रेक्षक. त्याच्या मनात या दोन गोष्टींची गल्लत होत असेल, असे शहरातल्या शहाण्यांनी गृहीत धरले. भय-अद्भुत चित्रपट म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी, असा शिक्का बसला आणि चित्रपटांच्या इतिहासात या प्रकाराला मागच्या दाराशी बसवण्यात आले. माझे म्हणणे याच्या उलट आहे. मराठी माणसांनी घडवलेला भय-अद्भुत सिनेमा आरंभापासून एकच गोष्ट सांगत आला आहे: भुतामागे माणसाचा हात असतो. हा हात कधी जादूगाराचा असतो, कधी पुरोहिताचा, कधी चोराचा.

शंबरासुराची लेकरे

आपल्याकडे चलच्चित्र येण्याआधीच माया आली होती. ल्युमिए बंधूंचे चलच्चित्र मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी दाखवले गेले. त्याआधी काही वर्षे कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन काचेवर हाताने रंगवलेली चित्रे मॅजिक लँटर्नच्या प्रकाशात पडद्यावर टाकून पौराणिक कथा दाखवीत होते. या खेळाला त्यांनी नाव दिले ‘शांबरिक खरोलिका’. शंबर हा पुराणातला मायावी असुर. म्हणजे पडद्यावर जे दिसते ती माया आहे, हे नावातच सांगून टाकलेले. प्रेक्षकाला फसवायचे, पण फसवतो आहोत हे लपवायचे नाही, असा हा करार.

दादासाहेब फाळके यांनी हाच करार पुढे चालवला. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात लागला, हे सर्वांना ठाऊक असते. फाळके त्याआधी जादूचे प्रयोग करीत, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. एका जर्मन जादूगाराकडून ते ही विद्या शिकले होते आणि ‘फाळके’ हे नाव उलटसुलट करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने प्रयोग करीत. ‘लंकादहन’ (१९१७) मधली जळती लंका आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) मधला नागाच्या फण्यावरचा कृष्ण हे याच केळफांचे काम. कृष्ण झाली होती त्यांची मुलगी मंदाकिनी. ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या होत्या. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिए हाही मूळचा जादूगारच. त्याने १९०२ मध्ये चंद्रावर माणसे धाडली. फाळक्यांनी मारुतीला आकाशात उडवले.

फरक पुढे आहे. फाळक्यांनी चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा एक लघुपटही काढला. त्यात ते स्वतः कामात गढलेले दिसतात: नटांना सूचना देताना, फिल्म हाताळताना. ज्याने पडद्यावर देव उडवले, तोच माणूस पडद्यामागचे कारखान्यासारखे काम उघडे करून दाखवतो. पुढे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव हेच करताना दिसले: आधी चमत्कार करून दाखवायचा, मग त्यामागचे रसायन किंवा हातचलाखी सांगायची. फाळके श्रद्धाळू होते आणि त्यांना देवाची थट्टा करायची नव्हती. पण आपली युक्ती हे कसब आहे, सिद्धी नव्हे, याविषयी त्यांच्या मनात संदेह नव्हता.

कीचक आणि राजगुरू

पडद्यावर पाहून माणसे खरोखर घाबरली, असा आपल्याकडचा गाजलेला जुना प्रसंग कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांच्या नावावर आहे. ‘सैरंध्री’ (१९२०) मधला कीचकवध इतका हुबेहूब वठला होता, की बायका चक्कर येऊन पडल्या असे सांगतात. तो भाग काढून टाकण्याचा आदेश निघाला. या भयाला एक मागची बाजू आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर सरकारने १९१० मध्ये बंदी घातली होती, कारण कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसत होता. तेव्हा दहा वर्षांनी पडद्यावर कीचकाचा वध पाहणाऱ्याला केवळ रक्ताचे भय वाटले नसणार. त्याला आपल्या उरावर बसलेला माणूस ओळखू आला असणार.

‘प्रभात’ने हा धागा आणखी स्पष्ट केला. कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली आणि तिथे व्ही. शांताराम यांनी ‘अमृतमंथन’ (१९३४) काढला. कथेचा आधार नारायण हरी आपटे यांची कादंबरी. देवीला नरबळी आणि पशुबळी देण्यावर राजा बंदी घालतो आणि राजगुरू त्याच्या जिवावर उठतो. मराठी आवृत्तीत राजगुरू केशवराव दाते, हिंदीत चंद्रमोहन. चंद्रमोहनच्या डोळ्याचे पडदाभर पसरलेले दर्शन आजही अंगावर येते. शांताराम नुकतेच जर्मनी पाहून आले होते आणि तिथल्या अंधार-उजेडाच्या खेळाची छाप या चित्रपटावर आहे. पण जर्मन भयपटात जिथे पिशाच्च उभे असते, तिथे शांतारामांनी पुरोहित उभा केला. भीती वाटते ती देवीची नाही, देवीच्या नावाने सुरी उचलणाऱ्याची वाटते. देवीच्या गावात राहणाऱ्याला हा भेद विशेष कळतो.

इथे एक आक्षेप येईल. ‘प्रभात’च्याच संतपटांत चमत्कार खरे आहेत, त्यांचे काय? ‘संत तुकाराम’ (१९३६) मध्ये तुकोबांना न्यायला विमान येते. ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) मध्ये भिंत चालते. मान्य. पण या चमत्कारांनी कुणी घाबरत नाही. घाबरवण्याचे काम या चित्रपटांत करतात ती माणसे: अभंग बुडवणारी, संन्याशाच्या पोरांना वाळीत टाकणारी. अद्भुत हे दुबळ्याच्या बाजूने येते आणि भय सबळाच्या बाजूने. दामले-फत्तेलाल यांनी ही वाटणी कुठेही चुकू दिलेली नाही.

तंबूतला प्रेक्षक

येरमाळा पूर्वी निजामाच्या राज्यात होते आणि शेजारची बार्शी इंग्रजांच्या मुलखात. आज गावावरून सोलापूर ते छत्रपती संभाजीनगर असा राष्ट्रीय महामार्ग जातो. पण पक्के चित्रपटगृह म्हटले की या भागातल्या माणसाला बराच काळ मोठ्या गावाचीच वाट धरावी लागे. यात्रेतला तंबू म्हणूनच महत्त्वाचा.

या तंबूची यांत्रिक बाजू समजून घेतली पाहिजे, कारण माझा मुद्दा तिच्यावरच उभा आहे. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला नव्वद फूट धावते. हजार फुटांचे एक रीळ अकरा मिनिटांत संपते. मशीन एकच असले की रीळ बदलेपर्यंत पडदा पांढरा पडतो. कार्बनच्या कांड्या जळून उजेड कमी झाला की चित्र पिवळे पडते. झिजलेली फिल्म मध्येच तुटते. भूत दाराशी येऊन उभे राहावे आणि नेमकी तेव्हा फिल्म तुटावी; मग शिट्ट्या, आरडाओरडा आणि ऑपरेटरच्या नावाने शिव्या. ट्रकमध्येच मशीन, त्यामुळे मागे वळून पाहिले की उजेडाचा झोत आणि त्यामागचा घामाघूम माणूस दोन्ही दिसत. वातानुकूलित सभागृहात बसणाऱ्याला मशीन कधी दिसत नाही. जत्रेतल्या प्रेक्षकाला भूत आणि भुतामागचा हात एकाच नजरेत दिसत असे. तो घाबरायचा जरूर, पण कशाला घाबरतो आहोत हे त्याला माहीत होते.

शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या याच फिरत्या तंबूंवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याची खास दखल घेतली गेली. तोवर फिल्मची जागा डिजिटल यंत्राने घेतली होती आणि तंबूचा धंदा बसत चालला होता.

रामसे आणि त्रिशूळ

गावोगावच्या पडद्यांवर भय म्हटले की आठवते ते रामसे बंधूंचे नाव. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२), ‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘वीराना’ (१९८८). सगळे भाऊ मिळून कामे वाटून घेत आणि कमी पैशांत चित्रपट उभा करीत. पहिल्या भयपटासाठी सारा कबिला महाबळेश्वरला जाऊन राहिला होता. हे हिंदी चित्रपट महाराष्ट्राच्या मातीत घडले, पण त्यांचे तर्कशास्त्र वेगळे. तिथे सैतान खरा असतो आणि शेवटी त्रिशूळच त्याला संपवतो. करमणूक म्हणून हे चित्रपट मला आवडतात. ‘पुराना मंदिर’मधला सामरी विसरता येत नाही. पण शेजारी मराठी चित्रपट ठेवून पाहिला की फरक डोळ्यांत भरतो.

वसंत जोगळेकरांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) घ्या. आशा काळे आणि काशिनाथ घाणेकर यांचा हा चित्रपट वाडा, रात्र आणि गावात चघळली जाणारी भुताची गोष्ट यांवर उभा आहे. उलगडा मात्र माणसाच्या मनात आणि माणसाच्या कारस्थानात होतो. ‘एक डाव भुताचा’ (१९८२) मध्ये रवी नमाडे यांनी भुताला थेट मित्र करून टाकले. अशोक सराफांचे भूत आणि दिलीप प्रभावळकरांचा बुजरा मास्तर यांत कोण कुणाला घाबरते, हेच कळत नाही.

मग आला महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ (१९९३). कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकन चित्रपटावरून घेतलेली. पण मराठीत येताना तिच्यात एक अस्सल देशी गोष्ट शिरली, ती म्हणजे शब्दभ्रम. बाहुला रामदास पाध्ये यांचा. त्यांचे वडील यशवंत पाध्ये यांनी अर्धवटरावाला महाराष्ट्राच्या घराघरांत नेले होते. लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या स्वतःच बोलक्या बाहुल्यांचा कलाकार. त्यामुळे बाहुला आपोआप बोलतो हे तो जीव तोडून सांगतो, तरी कुणाला पटत नाही. बाहुल्यामागे हात असतोच, हे प्रेक्षकाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक; म्हणून हात नसलेला बाहुला भीतिदायक वाटतो आणि त्याच क्षणी हसूही येते. तात्या विंचूला मंत्र मिळाला असेल, पण तो मुळात गुंड आहे. मंत्र खरा मानला तरी दुष्टपणा माणसाचाच.

अलीकडचे टोक म्हणजे राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८). भाषा हिंदी, पण कोकणातला पाऊस, वाडा, विधवेचे अलवण आणि सावकारी हाव सगळे मराठी. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून सुचलेले, तर भयाची एक मुळी नारायण धारपांच्या कथेत. इथे हस्तर खराच आहे. तरीही चित्रपटभर आपण पाहतो तो त्याच्या कमरेच्या सोन्याकडे सरकणारा माणसाचा हात. बाप हे चोरीचे कसब मुलाला शिकवतो, हा त्यातला सर्वांत भयानक प्रसंग. प्रथम प्रदर्शित झाला तेव्हा त्याला बेताचा प्रतिसाद मिळाला. २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमवला. चांगल्या भयपटाला आपला प्रेक्षक उशिरा का होईना, सापडतो.

पाहावे आणि जपावे

डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली आणि त्यानंतर राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. नरबळीचा उल्लेख या कायद्याच्या नावातच आहे. ‘अमृतमंथन’ला तोवर जवळजवळ ऐंशी वर्षे झाली होती. भुताचे चित्रपट अंधश्रद्धा पसरवतात असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. खऱ्या भोंदूला अंधार लागतो तो आपला हात झाकायला. चित्रपटाचा अंधार ठरल्या वेळी संपतो, दिवे लागतात आणि माणसे चपला शोधत घरी जातात.

या दिवाळीत एखादी रात्र या चित्रपटांना द्यावी, असे मी सुचवीन. आधी ‘कालियामर्दन’चा शिल्लक भाग पाहावा, मग ‘अमृतमंथन’, ‘हा खेळ सावल्यांचा’, ‘झपाटलेला’ आणि शेवटी ‘तुंबाड’. या क्रमाने पाहिले तर शंभर वर्षांत भय कसे देवळातून वाड्यात, वाड्यातून बाहुल्यात आणि शेवटी आपल्या स्वतःच्या मुठीत आले, हे कुणी समजावून सांगावे लागणार नाही.

पाहण्याइतकेच जपणेही निकडीचे आहे. आपल्या देशात हजाराहून अधिक मूकपट निघाले; त्यांतले फारच थोडे उरले. जुनी नायट्रेट फिल्म पेट घेई. जी जळली नाही ती चांदी काढण्यासाठी वितळवली गेली. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झाले आणि पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या चित्रपटांचे तुकडे शोधून आणले, म्हणून आज केळफांची जादू दिसते तरी. ज्या चित्रपटांना प्रतिष्ठा नव्हती, त्यांच्यासाठी असे शोधणारे कमी निघाले.

तंबूंच्या इतिहासाचे तर संग्रहालयही नाही. तो आहे मालकांच्या हिशेबाच्या वह्यांत, जत्रेतल्या जागेच्या पावत्यांत, फिकट गुलाबी हँडबिलांत आणि ऑपरेटर राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात. या वह्या रद्दीत जातात आणि म्हातारी माणसे थकत चालली आहेत. वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर असा एखादा गठ्ठा असेल, तर तो विकण्याआधी उघडून पाहावा. कोणत्या यात्रेत कोणता चित्रपट किती खेळ चालला, एवढी एक ओळ जरी त्यात सापडली, तरी ती आज दुसरीकडे कुठे मिळणार नाही.