‘पूर्ण वर्तमाना’ची कुळकथा

बस मरोळ नाक्याला टेकण्याआधीच कंडक्टर ‘मरोळ नाका आला’ असे पुकारतो. दारातून कोणी हाक मारली की आतल्या खोलीतून ‘आलो, आलो’ असे उत्तर येते. उत्तर देणारा अजून जागचा उठलेलाही नसतो. भूतकाळाचे रूप मराठीत असे येऊ घातलेल्या गोष्टीलाही चालते आणि त्यात कोणाची फसगत होत नाही. पण हाच मराठी माणूस नोकरीच्या मुलाखतीत इंग्रजी बोलू लागला, की ‘आय हॅव मेट हिम यस्टर्डे’ किंवा ‘आय ॲम लिव्हिंग इन मरोळ सिन्स टेन इयर्स’ असे म्हणून जातो आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर बारीक हसू उमटते.

ही वाक्ये अडाणीपणातून आलेली नाहीत. ‘मी त्याला काल भेटलो आहे’ आणि ‘मी दहा वर्षांपासून मरोळला राहतो आहे’ ही दोन्ही वाक्ये निर्दोष मराठी आहेत. त्यांतले शब्द तेवढे बदलले. काळाची जाण मराठीच राहिली. शाळेने मात्र शिकवले होते की मराठीचा पूर्ण वर्तमानकाळ आणि इंग्रजीचा ‘प्रेझेंट परफेक्ट’ एकच. वर व्याख्याही दिली होती : क्रिया नुकतीच पूर्ण झाली असेल तर हा काळ वापरावा. ही व्याख्या तपासून पाहण्यासारखी आहे. शाकुंतल वीस वर्षांपूर्वी वाचलेला माणूसही इंग्रजीत ‘आय हॅव रेड शाकुंतल’ म्हणतो. उलट, एक मिनिटापूर्वी कोणी आले असेल आणि ‘अ मिनिट अगो’ हे शब्द वाक्यात असतील, तर तेथे साधा भूतकाळच लागतो. म्हणजे ‘नुकतीच’ ही खूण कामाची नाही. मग ती आली कोठून? त्यासाठी या काळाच्या नावाचा प्रवास पाहावा लागतो.

नावाचे मूळ ग्रीक आहे. स्टोइक पंथाच्या विचारवंतांनी क्रियापदाच्या या रूपाला ‘वर्तमान, पण पुरा झालेला’ अशा अर्थाचे नाव दिले होते. त्यांच्या लेखी हा वर्तमानाचाच एक प्रकार. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातल्या डायोनिसिऑस थ्रॅक्स याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छोटेखानी व्याकरणात मात्र हेच रूप भूतकाळाच्या चार प्रकारांत बसवलेले आहे. तेथे त्याचे नाव ‘पाराकेइमेनोस’, म्हणजे ‘शेजारी पडलेला’. क्रिया मागे घडली, पण तिचे फलित वर्तमानाच्या शेजारी पडून आहे, अशी ही कल्पना. प्राचीन ग्रीकमध्ये ‘तो मेला आहे’ या रूपाचा अर्थ ‘तो मृत आहे’ असाच होतो. ‘ओइदा’ हे रूप मूळचे ‘पाहिले आहे’ या जातीचे, अर्थ मात्र ‘मी जाणतो’. संस्कृतातले ‘वेद’ म्हणजे ‘तो जाणतो’ हे त्याचेच भावंड : घडण लिट्‌ची, अर्थ वर्तमानाचा.

रोमनांनी ग्रीक व्याकरण लॅटिनला लावले तेव्हा ‘शेजारी पडलेला’ हा अर्थ गळाला. लॅटिनमध्ये ‘लिहिले’ आणि ‘लिहिले आहे’ यांना एकच रूप असल्याने त्याला ‘पेर्फेक्तुम’, म्हणजे ‘पूर्ण झालेला’ एवढे नाव पुरले. तेच युरोपभर गेले आणि इंग्रजीत ‘परफेक्ट’ झाले.

ही लॅटिन चौकट आपल्याकडे इंग्रजांच्या राज्याआधीच पोहोचली. मरोळशेजारच्या कोंडिविट्याला जेझुइट पाद्र्यांनी १५७९ मध्ये चर्च बांधले. १८४० च्या सुमारास साथीमुळे ते सोडून वस्ती आणि उपासना मरोळला हलली. जुने अवशेष आज सीप्झच्या आवारात आहेत. या पाद्र्यांना लोकांशी लोकांच्या बोलीत बोलायचे होते, म्हणून त्यांनी बोलींची व्याकरणे रचली. गोव्यात जन्माने इंग्रज असलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, रायतूर येथे छापले गेले. उत्तरेकडच्या, म्हणजे वसई-साष्टीकडच्या बोलीचे व्याकरणही एका पोर्तुगीज मिशनऱ्याने सतराव्या शतकात लिहिले. ते कुन्य रिव्हार यांनी १८५८ मध्ये गोव्यात प्रसिद्ध केले. मरोळ परिसरातल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या बोलीच्या जवळचा इतका जुना व्याकरणग्रंथ म्हणून त्याचे मोल मोठे आहे.

मराठी शाळेच्या व्याकरणाला वळण मिळाले ते मात्र इंग्रजीमार्गे. दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये निघाले. त्यांच्यापुढे नमुना होता लिंडली मरे यांच्या १७९५ च्या इंग्रजी व्याकरणाचा. परक्या साच्यात मराठी किती बसते, हा वाद तेव्हापासून चालू आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी दादोबांच्या व्याकरणाची चिकित्सा केली; १९६४ मध्ये अरविंद मंगरूळकरांनी मराठी व्याकरणाचा पुनर्विचारच मांडला.

गंमत अशी, की हा काळ मरे यांनी नीट उलगडला होता. हा काळ भूताविषयी बोलतो, पण रोख वर्तमानाकडे ठेवतो, असे ते सांगतात. त्यांचे उदाहरण मासलेवाईक आहे. सिसेरोने भाषणे लिहिली आहेत, असे या काळात म्हणता येते, कारण भाषणे उपलब्ध आहेत. त्याने कविता लिहिल्या आहेत, असे म्हणता येत नाही, कारण त्या नष्ट झाल्या. लेखक कधी मेला याच्याशी या काळाला कर्तव्य नाही. हाती काय उरले याच्याशी आहे. पाठ्यपुस्तकांच्या हातून हा रोख निसटला आणि ‘पूर्ण’ एवढाच शब्द ठसला.

आपल्या परंपरेत या रोखासाठी शब्द नव्हता असे नाही. पाणिनीने भूतकाळाची वाटणी पूर्ण-अपूर्ण अशी न करता, क्रिया आजची की आजच्या आधीची, बोलणाऱ्याने पाहिलेली की परोक्ष, अशी केली. पण अष्टाध्यायीत (३.३.१३१) ‘वर्तमानसामीप्य’ असाही शब्द आहे : वर्तमानाजवळच्या क्रियेला वर्तमानाचे रूप विकल्पाने चालते. ‘कधी आलास?’ याला ‘हा काय, येतोच आहे’ असे उत्तर देणारा मराठी माणूस हेच करतो. ग्रीकांचे ‘शेजारी’ आणि पाणिनीचे ‘सामीप्य’ यांत फार अंतर नाही. हिंदी व्याकरणाने ‘वह गया है’ या रूपाला ‘आसन्न भूत’ म्हटले, मराठीने ‘गेला आहे’ला ‘पूर्ण वर्तमान’. स्टोइकांचा आणि थ्रॅक्सचा मतभेद दोन शेजारी भाषांनी आपापसांत वाटून घेतला म्हणायचा!

रूपांची घडणही पाहण्यासारखी आहे. जुन्या इंग्रजीत ‘माझ्याजवळ पकडलेला मासा आहे’ अशा धाटणीची वाक्ये होती आणि त्यांतले धातुसाधित कर्माप्रमाणे बदलू शके. ‘जवळ असणे’ या अर्थाचे ‘हॅव’ पुढे झिजून सहायक क्रियापद झाले. मराठीत ‘हॅव’ला एकशब्दी जोड नाही, आपण ‘माझ्याकडे आहे’ म्हणतो. पण ‘मी पोळी खाल्ली आहे’, ‘मी आंबा खाल्ला आहे’ यांत कर्माशी असलेले नाते आपण अजून जपले आहे. शिवाय आपले ‘आहे’ अनेकदा ग्वाही देते. ‘दादोबांनी हे १८३६ साली लिहिले आहे’ म्हणजे ही गोष्ट पक्की, पुरावा हजर. म्हणून सालाचा उल्लेख मराठीला खटकत नाही. इंग्रजीत साल आले की घटना तिथेच बंद होते आणि तिचा आजशी जोडलेला धागा तुटतो.

ही अडचण एकट्या मराठी माणसाची नाही. ज्यांच्या पूर्वजांनी या काळाचे नामकरण केले, ते आजचे ग्रीकही इंग्रजी शिकताना येथेच अडखळतात. त्यांच्या भाषेत ‘असणे-बाळगणे’ अर्थाच्या क्रियापदाने बनलेला असाच काळ आहे, पण ‘जेवलास का?’ हे ते साध्या भूतकाळात विचारतात, आणि दहा वर्षे एका जागी राहतो हे आपल्यासारखेच वर्तमानकाळात सांगतात. अमेरिकन माणूसही जेथे ब्रिटिश ‘हॅव यू ईटन’ म्हणेल तेथे सर्रास ‘डिड यू ईट’ म्हणतो; त्याला मात्र कोणी हसत नाही.

मराठी माध्यमातल्या मुलांना हा काळ शिकवताना भर ‘पूर्ण’वरून काढून ‘वर्तमान’वर द्यावा. क्रिया कधी संपली, हे विचारू नये. तिच्यामुळे आज हाती काय आहे, हे विचारावे. पाद्र्यांनी कोंडिविट्याला भग्न चर्च मागे ठेवले आहे : अवशेष समोर आहेत, ‘हॅव’ चालेल. चर्च १५७९ मध्ये बांधले : साल आले, ‘हॅव’ गेले. दहा वर्षे मरोळला राहतो : दहाही वर्षे आजपर्यंत पोहोचली आहेत, म्हणून ‘हॅव’ हवेच. आणि मुलाचे वाक्य चुकले, तर ते मराठीच्या कोणत्या बरोबर वाक्यातून आले, ते आधी त्याला दाखवावे. आपली भाषा चुकीची नाही, वेगळी आहे, एवढे उमगले की दुसरी भाषा शिकताना मान खाली घालावी लागत नाही.