बहरी निजामशाहीचें नांव

मुरबाडकडून नाणेघाट चढून गेलें कीं जुन्नर जवळ येतें; शहापूरजवळ माहुलीचा गड उभा आहे. बहरी निजामशाही घराण्याचा उदय जुन्नरास झाला व शेवट माहुलीस.

'निजाम' म्हणजे व्यवस्था, 'मुल्क' म्हणजे राज्य. 'निजाम-उल्-मुल्क' हा बहामनी दरबारचा किताब मलिक हसनास मिळाला. त्याचा मुलगा मलिक अहमद १४९० मध्यें स्वतंत्र झाला, आणि किताबाचें कुलनाम झालें. हैदराबादच्या निजामांचा किताब हाच. घराणें मात्र निराळें.

'बहरी'ची गोष्ट अधिक रसाळ आहे. अरबींत 'बहर' म्हणजे समुद्र. एका शिकारी पक्ष्यासही 'बहरी' म्हणतात. आपला बहिरी ससाणा तो हाच. परंतु फेरिस्ता सांगतो कीं, मलिक हसन हा मूळचा पाथरीकडील ब्राह्मणाचा मुलगा तिमाभट. विजयनगरच्या स्वारींत तो बहामनी फौजेच्या हातीं सांपडला, आणि बापाच्या भैरव या नांवाचेंच 'बहरी' झालें. 'बुऱ्हान-इ-मआसिर'चा कर्ता उलट मलिक अहमदास बहामनी राजवंशांतला ठरवितो. पण तो निजामशहाच्या पदरचा, धन्याचें कूळ थोर करणें त्यास भागच होतें. पुढें बुऱ्हाण निजामशहानें पाथरीसाठीं वऱ्हाडच्या इमादशहाशीं युद्ध केलें, तें पाहतां मला फेरिस्त्याचें म्हणणें पटतें.

१६३६ मध्यें शहाजीराजे मूर्तजा नांवाच्या बालसुलतानास घेऊन माहुलीवर लढले. मोगल व आदिलशाही फौजांनीं गडास वेढा घातला. अखेर मूल मोगलांच्या स्वाधीन करावें लागलें. त्याची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यांत झाली. राज्याची व्यवस्था तोंवर त्याच्या नांवांतच काय ती उरली होती.